तेलातलं पाणी

जबलपुरातल्या नेपियर टाउनमधल्या मामींच्या घरी माक्याचं तेल तिळाच्या तेलात कढतं, खोबरेलात नाही. त्यांच्या सासरचं मूळ घर रत्नागिरीकडचं. तिथे डोक्याला खोबरेलाशिवाय दुसरं तेल कुणी लावत नसे. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं, आणि जबलपुरात पौषातल्या रात्री पारा १० च्या खाली सहज उतरतो. बाटली चुलीजवळ ठेवल्याशिवाय थेंब निघायचा नाही. शिवाय नारळ बाहेरून येणार, तीळ आसपासच्या शेतांत पिकणार. कोकणातून नागपूर आणि नागपूरहून जबलपूर असे मुक्काम बदलत आलेल्या त्या घराने कृती तीच ठेवली आणि तेल बदललं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे १७९८ ते १८१७ असा होता. पुढे १८६१ ते १९५६ हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिला, त्यामुळे कचेऱ्या, शाळा, रेल्वे आणि १९०४ सालचा तोफगाडी कारखाना यांच्या नोकऱ्यांवर मराठी कुटुंबं येतच राहिली. त्यांच्या सामानात भांडीकुंडी होती, देव होते, आणि तेलाच्या या कृतीही होत्या.

मामी आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच मामी. त्यांचा सख्खा भाचा पुण्यात एका रुग्णालयात औषधनिर्माता आहे. दिवाळीनंतर तो राहायला आला आणि तेलावरून दोघांचं बोलणं लांबत गेलं. मी ते लिहून घेतलं, कारण घरी तेल करणाऱ्यांना आणि घरगुती तेलावर अजिबात विश्वास नसणाऱ्यांना, दोघांनाही त्यात घेण्यासारखं आहे. माझं मत आधीच सांगते. तेल घरी जरूर करावं. पण करणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर देता आलं पाहिजे: तेलात पाणी किती राहिलं?

भाचा : मामी, हे तेल किती टिकतं म्हणता तुम्ही?

मामी : वर्षभर. वास घे ना, कळेल तुला.

भाचा : वासावरून खवटपणा कळतो. बुरशी किंवा जिवाणू वाढलेत का, ते प्रत्येक वेळी वासाला लागत नाही.

मामी : वाढायला तिथे काही ठेवलंच नाही तर वाढेल कशावर? माक्याचं पाणी आटवून आटवून तेल केलंय. कच्चा पाला बुडवून नाही ठेवलेला.

भाचा : आटलं हे कशावरून ठरवलं?

मामींनी कृती पहिल्यापासून सांगितली. माका फुलावर आलेला, मुळासकट उपटलेला हवा. तो धुऊन सुपात पसरायचा, वरचं पाणी सुकू द्यायचं, मग पाट्यावर वाटून फडक्यातून रस पिळायचा. पाव लिटर तिळाच्या तेलाला लिटरभर रस. माका, आवळकाठी आणि नागरमोथा एकत्र वाटून केलेला गोळा साठ-पासष्ट ग्रॅम. सगळं एकदम कढईत, मंद आचेवर, आणि उलथनं बुडाला लावून ढवळत राहायचं. कोरड्या वनस्पतींचं तेल असेल तर रसाऐवजी काढा: मऊ पाल्याला चौपट पाणी, कठीण मुळाला किंवा सालीला सोळापट, आणि ते आटवून पाव करायचं.

भाचा : गोळा एक भाग, तेल चार, रस सोळा. हे शार्ङ्गधरसंहितेतलं प्रमाण झालं. तेराव्या-चौदाव्या शतकातला ग्रंथ आहे तो. काढ्याचंही प्रमाण तेच.

मामी : मला ग्रंथ कुणी शिकवला नाही रे. सासूबाई वाटीने मोजायच्या. एक वाटी गोळा, चार वाट्या तेल, सोळा वाट्या रस. चुकलं तर रागवायच्या.

इथे भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती या सगळ्या विषयाचा गाभा आहे असं मला वाटतं. वनस्पतीतलं पुष्कळसं द्रव्य पाण्यात उतरतं, काही तेलात. नुसतं तेल तापवून त्यात पाला टाकला तर पाला तळला जातो आणि करपतो. रस किंवा काढा सोबत असला की दोन्हींना वेळ मिळतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, कढईत पाणी आहे तोवर तेलाचं तापमान १०० अंशांच्या फार वर चढत नाही, कारण चुलीची उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. पाणी तेलाला राखतं. ते संपलं की तीच आच सगळी तेलाला लागते, काही मिनिटांत तेल भराभर तापतं आणि बुडाचा गोळा जळतो. म्हणजे तेल कच्चं राहणं आणि तेल जळणं यांच्यामध्ये अगदी थोडा वेळ असतो.

मामी : म्हणून तर शेवटच्या अर्ध्या तासात मी कढईपासून हलत नाही. दारावर कुणी आलं तरी नाही. गोळ्यातलं चिमूटभर काढायचं, अंगठा आणि बोटात वळायचं. चिकटलं तर कच्चं. वात वळली, बोटाला चिकटली नाही, तर ती पेटत्या काडीवर धरायची. चटचट आवाज आला की पाणी आहे. मुकाट जळली की झालं. आणि तेलावर फेस चढतो त्या वेळी. तुपाचं उलट, तुपाचा फेस बसला की तूप झालं.

भाचा : वातीची परीक्षाही ग्रंथात आहे, फेसाचीही. मऊ पाक नाकात घालायच्या तेलाचा, मधला पोटात घेण्याचा, खर पाक अंगाला लावण्याचा. हे मी शिकलोय, पण परीक्षेत लिहिण्यापुरतं. माझ्या भाषेत सांगायचं तर तुम्ही ओलावा तपासताय. चटचट म्हणजे गोळ्यात अडकलेलं पाणी वाफ होऊन फुटतंय.

मामी : मग तुझं-माझं एकच झालं की.

भाचा : इथपर्यंत एकच.

त्या "इथपर्यंत" नंतरच खरा वाद सुरू झाला.

मामी तेल एका दिवसात पुरं करत नाहीत. संध्याकाळी कढवायला घेतात, निम्म्यावर आलं की उतरवून झाकतात आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा चढवतात. हेही शास्त्रात आहे. तेल-तूप एका दिवसात सिद्ध करू नये असं शार्ङ्गधर सांगतो. रात्रभर मुरण्याने वनस्पतीचा गुण तेलात जास्त उतरतो, असं त्यामागचं सांगणं. भाच्याला हे मुळीच पटलं नाही. अर्धवट आटलेला, कोमट, पालेभाजीच्या रसासारखा द्रव रात्रभर ओट्यावर ठेवायचा म्हणजे जिवाणूंना जेवायला बोलावण्यासारखं आहे, असं तो म्हणाला. मामींचं म्हणणं, सकाळी पुन्हा कढतंच ना, मग काय राहणार? तो म्हणाला, जिवाणू मरतात, पण काहींचे बीजाणू उकळत्या पाण्यात मरत नाहीत. या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूची आहे, निदान उन्हाळ्यात तरी. मे महिन्यात जबलपूर चाळिशीच्या वर तापतं; तेव्हा रात्रभर मुरवणं नको. मामी हे तेल कार्तिकात करतात, त्यामुळे त्यांचं निभावतं. कृती जुनी असली तरी ती कोणत्या ऋतूतली आहे हे सोडून ती उचलता येत नाही.

तिळाच्या बाबतीत मात्र भाचाच मामींना दुजोरा देत होता. तिळाच्या तेलात सेसमिन आणि सेसमोलिन नावाची द्रव्यं असतात. तापवल्यावर सेसमोलिनपासून सेसमॉल तयार होतं, आणि ते तेलाला खवट होण्यापासून वाचवतं. तासन्‌तास कढवूनही हे तेल टिकतं यामागे नुसती श्रद्धा नाही. अट एवढीच की तेल घाण्याचं असावं, फार शुद्ध करून पांढरं पाडलेलं नसावं. तीळ आणि कारळे यांच्यावरच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं मुख्य केंद्र बरीच वर्षं जबलपुरातच राहिलं, १९६४ साली सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाच्या आवारात. ज्या धान्यावर मामींचं तेल उभं आहे, त्याचा देशभरचा हिशोब त्यांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर ठेवला गेला.

मामी : मोहरीचंही करते मी. गुडघ्याचं. त्यात निर्गुंडी, ओवा, लसूण.

भाचा : मोहरीचं तेल कुठून आणता?

मामी : पूर्वी घाण्यावरून आणायचे. आता पाकीटबंद.

भाचा : पाकीटबंदच ठेवा, किंवा घाणेवाला डोळ्यांसमोर साफ मोहरी टाकेल तिथूनच घ्या. पिवळा धोत्रा माहीत आहे ना? इथे त्याला सत्यानाशी म्हणतात.

मामी : नाल्याकाठी उगवतो. काटेरी, पिवळं फूल.

भाचा : त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात ते मिसळलं गेलं. साठाहून जास्त माणसं गेली, हजारोंना रुग्णालयात ठेवावं लागलं. पाय सुजतात, हृदय थकतं. आणि ते तेल पोटातच जायला हवं असं नाही. नुसत्या मालिशीने झालेल्याही घटना वैद्यकात नोंदवलेल्या आहेत.

मामी यावर काही बोलल्या नाहीत, पण स्वयंपाकघरातून पाकीट आणून त्यांनी भाच्यासमोर धरलं. त्याने ते वाचून परत दिलं.

लसणावर मात्र दोघांची खरी जुंपली. मामींच्या सुनेने ओट्यावर एक काचेची बाटली ठेवली होती: ऑलिव्हच्या तेलात सोललेल्या लसणाच्या पाकळ्या आणि ओली तुळस, पावावर घालून खायला. दिसायला सुंदर. भाच्याने ती उचलून थेट सिंकमध्ये रिकामी केली.

मामी : अरे, विचारायचंस तरी!

भाचा : विचारत बसलो असतो तर कुणीतरी खाल्लं असतं. लसूण मातीत वाढतो. मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. त्यांना हवा लागत नाही, उलट हवा नसली की ते वाढतात. तेलाने झाकलं की हवा गेली. लसणात ओलावा आहे, आंबटपणा नाही. वर ओट्यावरची ऊब. याहून सोयीची जागा त्यांना मिळायची नाही. १९८५ साली कॅनडात व्हँकुव्हरच्या एका उपाहारगृहात असंच झालं. तेलातला चिरलेला लसूण फ्रिजबाहेर ठेवलेला होता. ३६ जणांना बोट्युलिझम झाला. डोळ्यांपुढे दुहेरी दिसायला लागतं, गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू बंद पडतात. १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पुन्हा तेच घडलं, तेव्हा तिथल्या सरकारने तेलातल्या लसणात आम्ल घालणं सक्तीचं केलं. यात वास येत नाही, चव बदलत नाही.

मामी : मग माझं लसणीचं लोणचं? वर्षभर फडताळात असतं. कुणाला काही झालं नाही.

हा प्रश्न मला फार योग्य वाटला. भाच्यालाही वाटला असावा, कारण उत्तर देण्याआधी तो खाली बसला.

भाचा : लोणच्यात तेल राखण करत नाही, मीठ आणि लिंबू करतात. आंबटपणा पुरेसा असला की हा जिवाणू वाढत नाही. आकड्यात सांगायचं तर पीएच ४.६ च्या खाली. मीठ पाणी ओढून घेतं. तेल फक्त वरची बुरशी थांबवतं. तुम्ही लिंबू कमी घातलंत आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मीठही कमी केलंत, तर तेच लोणचं मला चालणार नाही.

मामी : मीठ कमी करून लोणचं करायचंच कशाला? दोन फोडी कमी खाव्यात.

भाचा : अगदी बरोबर.

खाण्याच्या तेलाबद्दल मग भाच्याने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. पाला घालायचा तर पूर्ण वाळलेला घालावा, चुरगाळला तर कुरकुरेल इतका. ताजा लसूण किंवा ओला पाला घातलेलं तेल करायचंच असेल तर तेवढ्यापुरतं करावं, फ्रिजमध्ये ठेवावं आणि चार दिवसांत संपवावं. अमेरिकेतलं रोगनियंत्रण केंद्रही हाच सल्ला देतं. डोक्याच्या आणि अंगाच्या तेलाला हा नियम लागत नाही, कारण ते पोटात जात नाही. तिथे ओलाव्याने बुरशी येते, तेल खवटतं, डोक्याची कातडी चुरचुरते. त्रास आहे, पण जिवावरचा नाही. सुनेच्या बाटलीवर मामींचाही आक्षेप होताच, फक्त वेगळ्या कारणाने: कच्चं पान तेलात टाकून बाटलीला बूच लावतात का कधी? उन्हात तेल मुरवण्याची रीत आपल्याकडेही आहे. तिला आदित्यपाक म्हणतात. पण त्यात भांडं उघडं असतं आणि उन्हाने पाणी उडून जाणं हाच हेतू असतो. बूच लावलेल्या बाटलीतलं पाणी उन्हात ठेवलं तरी जाणार कुठे? हल्ली चित्रफितींतून पसरलेली ओल्या पाल्याची बंद बरणी मामींच्या रीतीतही बसत नाही आणि भाच्याच्या शास्त्रातही नाही.

दुसऱ्या दिवशी वाद वनस्पतीवर गेला. मामींना माका देणारी बाई बडा फुहाऱ्याजवळ बसते.

भाचा : ती कुठून आणते?

मामी : पाणथळ जागेतून. माका पाणथळीतच वाढतो.

भाचा : म्हणूनच विचारतो. ओमती नाल्याच्या काठचा माकाही हिरवागार दिसेल. अख्ख्या शहराचं सांडपाणी वाहून नेणारा नाला तो. पाण्यातले जड धातू झाड शोषतं, आणि ते कितीही कढवलं तरी जात नाहीत.

मामी : मग मी कुंडीत लावते. बी आपोआप पडतं त्याचं.

भाचा : तेच करा. पांढऱ्या फुलाचाच आहे ना, ते बघा. पिवळ्या फुलाचा वेगळा.

ब्राह्मीचाही हाच घोळ आहे. मामी वापरतात ती गोल पानाची, म्हणजे मंडूकपर्णी. जाड छोट्या पानांची पाण्याकाठची ब्राह्मी वेगळी. दोन्ही चांगल्या, पण एक सांगून दुसरी घेण्यात अर्थ नाही. जबलपूरकरांना याबाबत अज्ञानी राहायला सबब नाही. मंडला रस्त्यावर १९८८ पासून उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे, ग्वारीघाटाकडे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, कृषी विद्यापीठ तर आहेच. फांदी नेऊन दाखवली तर ओळखून देणारी माणसं या शहरात जितकी आहेत तितकी थोड्याच शहरांत असतील.

मग कढई. मामींची लोखंडी, सासूबाईंच्या वेळची. आवळकाठीतलं तुरट द्रव्य आणि लोखंड यांचा संयोग होऊन तेल काळं होतं, आणि मामींना ते काळंच हवं असतं. भाचा म्हणाला, लोखंड तेलाच्या खवटण्याला वेग देतं. तिळाने जे कमावलं ते लोखंड घालवतं. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं घ्या. मामी म्हणाल्या, काळं नसलेलं माक्याचं तेल मी कुणाला देणार नाही. तो म्हणाला, तो काळेपणा केसांना लागत नाही. त्या म्हणाल्या, तुला कसं माहीत? यावर दोघंही हटली नाहीत. मला स्वतःला स्टीलच बरं वाटतं. पण मामी तेल थोडंच करतात आणि ते संपतंही लवकर, तेव्हा त्यांच्या कढईला मी हात लावणार नाही.

मामी : एवढं सगळं बोललास. आता हे सांग, माक्याने केस वाढतात की नाही?

भाचा : सागरच्या विद्यापीठात काम झालंय, आपल्या शेजारीच. डॉ. हरिसिंह गौर विद्यापीठातल्या औषधनिर्माणशास्त्राच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. उंदरांच्या कातडीवर माक्याचा अर्क लावला, तुलनेला मिनॉक्सिडिल हे केसवाढीचं औषध ठेवलं. पेट्रोलियम ईथरमध्ये काढलेल्या अर्काने केसांची मुळं वाढीच्या अवस्थेत गेली, चांगली गेली.

मामी : मग!

भाचा : ईथर म्हणजे तेलकट द्रव्यं विरघळवणारा द्राव. त्यामुळे माक्याचा गुण तेलात उतरत असेल, हे तुमच्या बाजूचं आहे. पण ते उंदीर होते आणि तो अर्क तुमच्या तेलापेक्षा पुष्कळ तीव्र होता. माणसांवर, तेलाच्या रूपात, मोठ्या संख्येने तपासून पाहिलेलं मला दाखवता येणार नाही. माणसाच्या केसांवर तपासलेलं आहे ते साध्या खोबरेलाचं. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या रेळे आणि मोहिले यांनी २००३ मध्ये दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रथिन कमी जातं. कंपनी खोबरेल विकणारी आहे हेही लक्षात ठेवायचं. केस तुटणं कमी होईल, एवढं मी म्हणेन. टकलावर केस येतील असं म्हणणार नाही.

मामी : मी कधी म्हटलं टकलावर येतील? मी म्हणते, डोकं शांत राहतं, झोप लागते.

भाचा : त्याला माझी काही हरकत नाही.

मामी : हरकत नाही म्हणजे? हो म्हण.

भाचा : हो. रात्री कुणी अर्धा तास डोक्याला हात लावला तर झोप लागेल. त्यात माक्याचा वाटा किती आणि तुमच्या हाताचा किती, हे मला वेगळं करता येत नाही.

मामींना यात कमीपणा वाटला. मला तसं वाटत नाही. तेलाच्या नावाने माणसाच्या डोक्याला माणसाचा हात लागत असेल, तर त्या तेलाने एक काम केलंच. मला चिंता वाटते ती याच्या पुढच्या पायरीची. ओळखीतल्या बायका मामींना म्हणतात, बाटल्या भरून विका. घरात वापरणं निराळं आणि विकणं निराळं. औषध म्हणून आयुर्वेदिक तेल विकायचं तर १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो. टक्कल, अकाली पिकलेले केस, नव्या केसांची वाढ यांच्यावरच्या इलाजाचा दावा तर औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीने मनाई केलेला आहे. हा नियम मला जाचक वाटत नाही. केस गळणारी तरुण मुलगी किंवा केमोथेरपी घेतलेली बाई कोणत्या आशेने बाटली विकत घेते, ते पाहिलेल्या कुणालाही तो जाचक वाटणार नाही.

शेवटचं बोलणं बाळावरून झालं. मामींची नात बंगळुरूला बाळंत होणार आहे, आणि मामी तिच्यासाठी मोहरीच्या तेलात ओवा, लसूण आणि कापूर घालून तेल करायला निघाल्या होत्या.

भाचा : कापूर अजिबात नको. मामी, यात मी ऐकणार नाही. तान्ह्या बाळाला कापराने झटके येतात. थोडासा पोटात गेला तरी येतात, आणि कातडीतूनही तो शिरतो. अमेरिकेने १९८० च्या दशकातच कापराचं तेल बाजारातून काढलं आणि लावायच्या औषधांत ११ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली.

मामी : माझ्या तिन्ही मुलांना लावला.

भाचा : आणि ती बरी राहिली, हे आपलं नशीब. मोहरीचंही नको. जन्मल्या जन्मल्या बाळाची कातडी फार पातळ असते, मोहरीचं तेल तिला झोंबतं. ढाक्याच्या बालरुग्णालयात वेळेआधी जन्मलेल्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने मालिश केलं, तर त्यांना रुग्णालयातला जंतुसंसर्ग पुष्कळ कमी झाला. २००५ साली लॅन्सेटमध्ये आलंय ते. म्हणजे तेल लावणं चुकीचं नाही. कोणतं लावायचं, एवढंच बघायचं.

मामी : तिळाचं साधं?

भाचा : साधं, वास नसलेलं, बंद बाटलीतलं. काही कढवायचं नाही. आणि आधी तिच्या डॉक्टरांना विचारायचं.

मामी : नाकात दोन थेंब?

भाचा : नाही. तेल श्वासातून फुप्फुसात उतरतं. त्याचा न्यूमोनिया होतो आणि तो लवकर हटत नाही. कानातही नाही.

मामी : नस्य तर तुझ्या ग्रंथातही आहे.

भाचा : आहे. वैद्यासमोर घ्यायचं, आणि तेही आठवं वर्ष सरेपर्यंत नाही, तान्ह्याला तर मुळीच नाही.

मामी बराच वेळ हिशोब करत राहिल्या. त्यांच्या यादीतून कापूर गेला, लसूण गेला, मोहरी गेली, नाक आणि कान गेले.

मामी : आणि टाळू? टाळू भरायची नाही असं नको सांगूस.

भाचा : भरा. फक्त दाबू नका.

मामी : दाबतं कोण? तळव्यावर घ्यायचं आणि नुसतं ठेवायचं. बाळ पाय ताणतं, डोळे मिटतं, तोवर ठेवायचं.

भाचा : मग काही हरकत नाही.

मामी : पुन्हा हरकत!

भाचा : बरं, भरा. आणि बंगळुरूला तुम्ही स्वतः जा. तेल पाठवण्यापेक्षा ते बरं.

मामींनी त्याच संध्याकाळी मला तिकिटांची चौकशी करायला सांगितली. गुडघ्याच्या तेलात मात्र कापूर राहणार आहे. ते त्या स्वतःसाठीच करतात, आणि त्याबद्दल भाच्याचंही काही म्हणणं नाही.